बावखलातलं बियाणं

आमच्या वाडीत बावखल होतं. वसईत बावखल म्हणजे केळी-पानवेलींना पाणी देणारं उघडं तळं. उन्हाळ्यात ते आटू लागलं की सगळं घर चिखलात उतरून मासे धरी. मधल्या खोल खड्ड्याभोवती मात्र बांबूचं कुंपण घालून वर झावळ्या अंथरलेल्या असत. आतल्या मरळ आणि शिंगटी माशांना कुणी हात लावत नसे. ते बियाणं. पाऊस पडला की त्यांचीच पिल्लं बावखलभर होत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी होळीच्या आधीच ऊन चावायला लागलं आणि पुढे जून सरत आला तरी पावसाचा पत्ता नाही. टँकरवाल्यांनी आसपासच्या विहिरी उपसून नेल्या होत्या. खड्ड्यात जेमतेम गुडघाभर पाणी उरलं, तेही हाताला गरम लागणारं. हवामान बदल हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. आता ऐकते तेव्हा संताप येतो. जगभर धूर सोडला भलत्यांनी आणि रक्त सांडलं आमच्या वाडीत.

वडिलांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे काकाचं म्हणणं होतं, मासे पिंपात घालून पापडी गावात त्याच्या सासऱ्यांच्या खोल बावखलात नेऊ. वडील हटून बसले. बियाणं आपल्या पाण्यातून हलवायचं नाही, अशी आजोबांपासूनची रीत. आठवडाभर दोघं एकमेकांवर गुरगुरत होते. एका दुपारी काका कोयता आणि पिंप घेऊन थेट खड्ड्यात उतरला आणि झावळ्या ओढून फेकू लागला. वडील धावत काठावर आले, मागोमाग मी.

"दादा, पानी तापलंय. सांजपर्यंत सगली मरतील."

"बाहेर ये."

"नाय येत."

काकाने कुंपणावर कोयता घातला. वडिलांनी तुटलेला बांबू उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. टोक डोळ्यात गेलं. काका पाण्यात कोसळला, पाणी लाल झालं आणि मरळी त्याच्या अंगावरून उसळ्या मारू लागल्या. वडिलांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी त्यांच्या मनगटाला चावले. तोंडात त्यांच्या घामाची चव आली आणि त्या क्षणी मला माझ्या बापाचा मनापासून तिरस्कार वाटला.

शेजारची माणसं काकाला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. वडीलही मागोमाग धावले. झावळ्या पुन्हा घालायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. अंगावरचं रक्त धुऊन मी खड्ड्याशी परतले तेव्हा मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. चिखलातही तगणाऱ्या चिवट मरळीसुद्धा. घारी झेपावून जिवंत राहिलेल्यांचेही लचके तोडत होत्या. मी दगड मारून त्यांना हाकललं, पण सांजेपर्यंत एकही मासा जगला नाही. सगळे केळीखाली पुरले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दवाखान्यात गेले. काकाचा डोळा काढला होता. वडील खाटेशी मान खाली घालून बसले होते. काकाने पट्टी बांधलेला चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"मासे?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच नकारार्थी मान हलवली.

"आहेत," वडील म्हणाले. "सगळे आहेत."

"मग ठीक," काका म्हणाला आणि त्याने वडिलांचा हात धरला.