एक्केचाळीस अंगठे

रविवार, होळीनंतरचा पहिला, सन १९५८. सकाळी आठ. जागा: मराठी शाळेचा ओटा.

हजर: अध्यक्ष (केळी आणि उसाचे बागाईतदार). कापसाचे व्यापारी. गावचे सुतार. भिलाटीतर्फे दाई. ग्रामसेवक, अर्धा तास उशिरा. चिटणीस: मी.

गैरहजर: मशिदीजवळच्या आळीतर्फे कोणी नाही. निरोप उशिरा गेला. निरोप पाठवायचं काम माझं होतं.

वहीचं हे पहिलं पान अजून माझ्याकडे आहे. काम लिहायचं आणि झालं की समोर खूण करायची, ही माझी जुनी सवय. शाळा, घर, शिवणवर्ग, सगळं मी असंच ओढलं. त्या दिवशी मला चिटणीस केलं तेही अक्षर सुबक म्हणून. माझ्या वहीत चुकीची खूण क्वचितच सापडेल. एक मात्र सापडते. त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

समाजमंदिराची कल्पना माझी होती. तापीकाठच्या आमच्या गावात सगळ्यांनी बसावं असं एकच छप्पर होतं, शाळेचं, आणि तेही गळकं. पटेलवाडीची धर्मशाळा पटेलांची, देवळाचा सभामंडप देवाचा, भिलाटीला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीला, तर वडाच्या झाडाखालची जागा. माझं म्हणणं एवढंच की एक मोठी खोली असावी, तिला एकच दार असावं आणि त्या दारातून सगळ्यांनी आत जावं. वाचनालय, शिवणवर्ग, पावसाळ्यातली लग्नं तिथे व्हावीत. हिवाळ्यात ऊस तोडायला डोंगरातून उतरणारी कुटुंबं बांधावर कुडकुडत झोपतात, त्यांनाही तिथे आसरा मिळावा. अध्यक्षांनी लगेच मान डोलावली, कारण निम्मा भाग गावानं उभा केला तर उरलेला निम्मा सरकार देणार होतं. गावाचा वाटा रोख, मालात किंवा श्रमात चालत होता.

आम्ही तो उभा केला. जिनात जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे एक टोपलं कापूस. केळीच्या प्रत्येक बागेतून एक घड, शहाद्याच्या बाजारात विकायला. बायकांनी पापड लाटले. यात्रेत कुस्त्यांचं तिकीट लावलं. दाईनं तर भिलाटीतल्या प्रत्येक घरातून एक दिवसाची दगडफोड मिळवली. मी खुणा करत गेले. राहिल्या फक्त तुळया. त्या सागाच्या हव्या होत्या, लांब. जंगलखात्याचा परवाना मिळाला, पण लाकूड होतं सातपुड्यात, आणि गाड्या जायच्या फक्त पायथ्यापर्यंत. वरून खाली खांद्यावर आणायला माणसं लागणार होती.

"त्यासले सांगनं म्हंजे येतस," अध्यक्ष म्हणाले. दर हिवाळ्याला त्यांच्या उसात येणारी माणसं एकाच पाड्यावरची होती. सांगितलं की येतात, हा त्यांचा अनुभव होता.

सांगायला मी आणि दाई गेलो. गाडीनं पायथा, मग तीन तास चढ. पाड्यावर एक म्हातारा होता, सगळे त्याचं ऐकत. तो त्याच्या बोलीत बोलायचा, दाई ते अहिराणीत मला सांगायची. आम्हाला बसायला खाट दिली, पाणी दिलं, आणि मग त्यानं विचारलं, "घर कोणाचं?"

"सगळ्यांचं," मी म्हणाले.

"आमचं पण?"

"तुमचं पण."

यावर तो बराच वेळ इतरांशी बोलला. दाई माझ्याकडे वळली. "बाई, हाऊ काय म्हणी ऱ्हायना तुले समजनं का? तो म्हणस, मंग ही लाह शे."

लाह म्हणजे काय ते तिनं मला तिथेच समजावलं. एखाद्याचं घर उभं करायचं असलं की सगळा पाडा जातो. मजुरी नाही. ज्याचं काम, तो सगळ्यांना रांधून वाढतो आणि त्यांच्यासोबत जेवतो. आणि पुढे त्या माणसांपैकी कोणी हाक मारली की त्यानं जायचं. न जाणारा माणूस कोणी कधी पाहिलेला नव्हता.

"विचार करी सांग," दाई म्हणाली. "आते हो म्हणशी आणि मंग इसरशी."

मी विचार केला नाही. ऊन चढत होतं, उतरायला तीन तास लागणार होते, आणि माझ्या यादीत 'तुळया' हा शेवटचा शब्द उरला होता. मी म्हाताऱ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्ही हाक मारा, आमचं गाव येईल." दाईनं ते त्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग हसला. खाली उतरताना मी 'तुळया'समोर खूण केली.

ती माणसं चार दिवसांत आली. एक्केचाळीस जण, खांद्यावर ओंडके, पायथ्याशी आमच्या गाड्या. गावात पोचली तेव्हा जेवणाचा प्रश्न निघाला.

"कोरा शिधा दी टाका," अध्यक्ष म्हणाले. "नदीवर रांधतीन. त्यासनी पंगतमा आमना घरना कोणी बसस नही."

दाई ओट्याखाली उभी होती. ती म्हणाली, "तुन्हा आंडोरले पयले मन्हा हात लागना, मंग तुन्हा. तवय नही बाटना तो?"

सुतार हसले. व्यापाऱ्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. अध्यक्षही हसले, कारण त्यांच्या चारही आंडोरांच्या, म्हणजे मुलग्यांच्या, जन्माच्या वेळी हीच बाई रात्रभर बसली होती. "तुन्हं तोंड भलतं चालस," असं म्हणून ते घरी गेले. पण शिधा मात्र नदीवर गेला नाही. मी आणि दाईनं शाळेच्या पडवीत भाकरी आणि तुरीची डाळ केली, आणि आम्ही दोघी त्यांच्या पंगतीला बसलो. गावातून आणखी कोणी आलं नाही. मला तेव्हा वाटलं, मी मोठं काम केलं. म्हाताऱ्यानं मात्र जेवताना एकदा इकडेतिकडे पाहिलं. तो गावाला शोधत होता हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक विकास गटाचा छापील तक्ता घेऊन आले. श्रमाचा हिशेब त्याच तक्त्यावर द्यावा लागे, नाहीतर सरकारचा निम्मा वाटा अडायचा. रकाने चार: नाव, कामाचे दिवस, काम, मोबदला. वर ठळक अक्षरात 'श्रमदान'. त्या वर्षांत हा शब्द सगळीकडे होता, रस्त्यावरच्या पाट्यांवर आणि पुढाऱ्यांच्या भाषणांत. लाह लिहायला तक्त्यात जागा नव्हती, आणि मी ती शोधलीही नाही. चौथ्या रकान्यात मी एक्केचाळीस वेळा 'काही नाही' लिहिलं आणि प्रत्येकाचा अंगठा घेतला.

म्हाताऱ्यानं दाईमार्फत विचारलं, "काय लिहिलं?"

"तुम्ही आमचं काम केलं, असं," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

समाजमंदिर पुढच्या हिवाळ्यात पुरं झालं. दारावर संगमरवरी पाटी बसली. कापूस, केळी आणि रोख देणाऱ्यांची नावं कोरली गेली. खाली एका ओळीत 'व इतर ग्रामस्थ'. मजकूर मीच लिहून दिला होता. ऊसतोडीला माणसं उतरली तेव्हा आत नवीन फरशी होती, म्हणून दाराला कुलूप होतं. किल्ली अध्यक्षांकडे. माणसं बांधावरच झोपली. अध्यक्ष म्हणाले, फरशी वाळली की पाहू.

सन १९६० मध्ये, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, म्हातारा आला. सोबत दोघे होते. एक मेला नवं राज्य होणार होतं. समाजमंदिरात पताका लागत होत्या, भाषणांची तालीम चालली होती, आणि कोणत्या मुलींनी कोणतं गाणं म्हणायचं याची यादी माझ्या हातात होती.

त्याला पाड्यावर शाळा हवी होती. पाड्यानं कौलारू खोली उभी केली तर पावसाळ्यानंतर मास्तर देऊ, असं त्याला स्कूल बोर्डाकडून सांगण्यात आलं होतं. गवताचं छप्पर चालणार नव्हतं. कुडाच्या भिंती झाल्या होत्या. कौलं तळोद्याहून पायथ्यापर्यंत आणायला गाड्या हव्या होत्या आणि वर न्यायला माणसं. पाड्यातली धडधाकट माणसं कामाला गुजरातेत गेलेली, पाऊस लागायच्या आधी परतणार नव्हती.

"वीस माणसं, चार गाड्या," तो म्हणाला. या दोन वर्षांत तो थोडी मराठी शिकला होता. "एक दिवस. बाई, तू म्हणाली होती."

मी विचारलं, "शाळेचं एवढं मनावर का घेतलं?"

"कागद येतो. जंगलवाला वाचतो, सावकार वाचतो, आम्ही अंगठा देतो. पाड्यावर कागद वाचणारं एक माणूस पाहिजे."

मी त्याला अध्यक्षांकडे नेलं. ते म्हणाले, एक तारीख होऊ द्या. एक तारीख झाली. तो पुन्हा आला, तेव्हा बैल बागेच्या कामात होते. तिसऱ्यांदा आला तो मेच्या अखेरीस. पश्चिमेला ढग दिसायला लागले होते. त्या दिवशी समाजमंदिरात सगळी कमिटी बसली होती. म्हातारा दारात उभा राहिला, आत आला नाही.

अध्यक्ष त्रासले होते. "काय तेच तेच लावलंय? कोणी कबूल केलं?"

"बाईनं. गावानं."

"लिहिलंय कुठे?" त्यांनी कपाट उघडून तक्त्याची प्रत काढली आणि माझ्यापुढे धरली. "वाचा बाई. तुमचंच अक्षर आहे."

इथे मी थांबू शकत होते. मी म्हणू शकत होते की तक्ता चुकला आहे, आणि तो मी चुकवला आहे. दाई समोर भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडेच पाहत होती. पण स्कूल बोर्डात अध्यक्षांचं वजन होतं. माझी बदली त्यांच्या एका शब्दावर होती, आणि माझी आई आजारी होती. ही कारणं खरी आहेत. तरी ती लिहिताना मला बरं वाटत नाही.

मी वाचलं. "श्रमदान. मोबदला: काही नाही." माझा आवाज शाळेत वाचते तसाच स्वच्छ आला.

"खाली अंगठा कोणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं पुढे होऊन कागद पाहिला. त्याच्या बाजूनं तो उलटा होता, तसाच पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू तर म्हणाली, आम्ही काम केलं असं लिहिलं."

मी तक्त्याची घडी घालून तो अध्यक्षांना परत दिला. मला वाटतं, म्हाताऱ्याला राग आला नव्हता. न येणारी माणसं तो पहिल्यांदाच पाहत होता. मग तो वळला आणि गेला.

"आते तरी दख," दाई अध्यक्षांना म्हणाली, "तुन्हा डोकावर तुळई कोणी आणी ठेई शे ती." अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

दोन दिवसांनी पाण्याच्या हंड्यांसाठी माणूस हवा म्हणून मी भिलाटीत गेले, तर निम्मी घरं बंद. दाई नऊ जणांना घेऊन पाड्यावर गेली होती. मला तिनं सांगितलं नव्हतं. त्या घरांनी कोणाची लाह घेतलेली नव्हती. त्यांच्याकडे एकही गाडी नव्हती. डोक्यावरून जितकी कौलं गेली तितकी गेली. छप्पर निम्मं झालं आणि पाऊस लागला. पावसानंतर पाहणीला बोर्डाचे साहेब गेले, निम्मी उघडी खोली पाहून परत आले. मास्तर दुसऱ्या पाड्याला मिळाला.

परत आल्यावर दाई माझ्याशी चार महिने बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण 'तू' म्हणत नाही. मला 'तुम्ही' म्हणते.

त्या हिवाळ्यापासून त्या पाड्यावरची माणसं आमच्या गावात ऊस तोडायला उतरत नाहीत. पलीकडच्या गावात जातात. अध्यक्षांना मजूर मिळवायला त्रास होतो, आणि याचा दोष ते त्या माणसांच्या स्वभावाला देतात. म्हातारा वारला असं कळलं. लाह त्याच्या एकट्याची नव्हती, पाड्याची होती, तेव्हा ती मिटली असं मला म्हणता येत नाही.

समाजमंदिर चांगलं चाललं आहे. तिथे वाचनालय आहे, दोन शिवणयंत्रं आहेत. तुळया उत्तम आहेत, एकीलाही कीड नाही.

दर वर्षी जानेवारीत मी नवी वही सुरू करते आणि जुन्या वहीतली राहिलेली कामं तिच्यात उतरवते. या वर्षी ती ओळ सातव्या क्रमांकावर आली आहे. पाड्याची खोली. कौलं. वीस माणसं, चार गाड्या, एक दिवस, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी. गाड्या कोणाकोणाकडे मागायच्या, त्यांच्या नावांसाठी मी पुढे जागा सोडली आहे. ती जागा अजून कोरी आहे.