कॅबिनेटच्या पोटातला कापूस

कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत. कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट तयार झालं की मावशी त्याच्या पोटात हात घालून पत्र्याची एकेक कड चाचपत, आणि त्यांचा शेरा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "मावशींच्या बोटांना डोळे आहेत," असं लोक म्हणत. साखरेच्या दुखण्याने बोटांचे ते डोळे सहा महिन्यांपूर्वीच मिटले होते, हे मात्र मावशींनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

आज समोर कमरेएवढं, 'फुल टॉवर' म्हणतात तसलं कॅबिनेट होतं. बाजूचं झाकण काढलं तर आत ऐसपैस जागा. वायरींच्या भोकांना रबराच्या कड्या, डिस्कचे कप्पे स्क्रूड्रायव्हरशिवाय सरकणारे, पुढच्या पंख्यांचा वारा थेट मागे जाणारा. नाव ठेवायला जागा नव्हती.

"मावशी, आत राहायला जायचंय का तुम्हाला?" आराखडा करणारे साहेब हसले. "शेरा द्या, उद्या काम चालू करायचंय."

"मी नाही जात, पण माझी लेक रोज हात घालणार आहे त्यात."

लेक महिन्याभरापूर्वीच पलीकडच्या जुळणीच्या टेबलावर लागली होती. बारीक स्क्रू हातमोज्यांनी धरता येत नाहीत, म्हणून तिथे सगळे उघड्या हातांनीच काम करत. सोमवारी तिच्या बोटाला पट्टी होती. "अगं, कागदाने कापलं," ती म्हणाली होती. मावशींना त्या रात्री झोप लागली नाही. जुळणीला गेलेलं आधीचं मॉडेल त्यांनीच पास केलं होतं.

मावशींनी कडांवरून बोटं फिरवली. सगळं गुळगुळीत. सहा महिन्यांत खरखरीत असं काही लागलंच नव्हतं!

त्यांनी पर्स उघडली. रक्त तपासताना बोटाला लावायचा कापूस होता, त्याचा बोळा करून तो कडांवरून फिरवला. वरून स्वच्छ. पुढून स्वच्छ. कप्प्यांच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, जिथे वायर खोचताना मनगट टेकतं, तिथे कापसाचा पुंजका पत्र्यालाच लटकून राहिला.

साहेब वाकले. "हे बोटाला नाही लागलं तुमच्या?"

थाप मारणं सोपं होतं. निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

"नाही लागलं," मावशी म्हणाल्या. "माझ्या बोटांना आता काही कळत नाही, साहेब. कधीचं."

मावशींनी कागदावर लिहिलं, 'नापास. मागची खालची कड घासावी.' मग त्याखाली, 'गेल्या सहा महिन्यांत मी पास केलेलं सगळं पुन्हा तपासावं.'

पलीकडच्या टेबलावरून लेक उठली. आधीचं मॉडेल दोन्ही हातांनी उचलून तिने आईसमोर ठेवलं, झाकण काढलं आणि पट्टीचं बोट आतल्या एका कडेजवळ नेलं.

"आण तो कापूस," ती हळूच म्हणाली. "इथून सुरुवात कर, आई."