चिलरला लावलेलं तेल

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी नातवंडांना फार आवडतात, आणि साठा भरपूर असल्यामुळे मलाही सांगायचा कंटाळा येत नाही. चिलरची गोष्ट मात्र मी अर्धीच सांगते.

आमचे हे इथे परदेशात, शॉमबर्गच्या घरी, गॅरेजात बिअर करायचे. जवाचा गोड काढा तासभर उकळायचा आणि झटपट गार करायचा, नाहीतर नासतो. त्यासाठी प्लेट चिलर होता: पोथीएवढा स्टीलचा ठोकळा, आत पातळ पत्रे, बाहेर चार तोंडं. एका बाजूनं काढा जायचा, दुसऱ्या बाजूनं उलट दिशेनं नळाचं गार पाणी.

एकदा त्यांनी मला तो नुसता धुऊन ठेवायला सांगितला. पण सांगितलं तेवढंच करील ती मी कसली. पावसाळ्याआधी आई विळीला तेल लावून ठेवायची, हे ज्ञान पाजळत मी चारही तोंडांतून खोबरेल ओतलं. स्टीलला गंज चढत नाही, हे त्या विदुषीला ठाऊक नव्हतं. पुढच्या बिअरला फेस म्हणून आला नाही. ग्लास उजेडात धरून त्यांनी विचारलं, तेव्हा मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

“बिअरची चंपी केलीस होय गं,” ते म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आपणही हसावं की नाही? छे, बाईसाहेब फुगल्या. गॅरेजात पाऊल टाकणार नाही म्हणाल्या आणि अकरा वर्षं टाकलं नाही. शब्दाच्या पक्क्या. तो चिलर काही उघडून घासता येत नाही, म्हणून त्यांनी नवा आणला. दर खेपेला हाक यायची, जरा पाईप धरतेस का? मी स्वयंपाकघरातूनच म्हणायची, माझे हात तेलकट आहेत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले.

वर्षश्राद्धाला त्यांच्या आवडीचं पान मांडायचं, तर त्यांच्या बिअरचा एक ग्लास हवाच, तोही फेसासकट, असं मी ठरवलं. महिनाभर आधी लेकाला घेऊन गॅरेजात शिरले. त्यांच्या वहीत बघून काढा उकळला. पाईप जोडायला घेतले, तर मी काढ्याचा आणि पाण्याचा, दोन्ही एकाच टोकाला लावायला निघाले.

“आई, थांब. याच्यावर काहीतरी लिहिलंय. मराठीत आहे, तूच वाच.”

चारही तोंडांवर पिवळ्या पडलेल्या चिकटपट्ट्या होत्या. अक्षर त्यांचं. ‘काढा आत.’ ‘पाणी आत, उलट्या टोकानं.’ ‘पाणी बाहेर.’ आणि चौथीवर, ‘गार काढा. पाईप इथे धर.’

त्यांना स्वतःला हे वाचायची गरज नव्हती. लेकाला मराठी वाचता येत नाही. या घरात ते अक्षर वाचणारी मी एकटीच.

मी पाईप धरला. आधी कढत लागला, मग कोमट, मग गार. लेक म्हणाला, झालं, सोड आता. काढा संपला तरी मी धरूनच होते.

वर्षश्राद्धाला फेस आला, चांगला दोन बोटं. ग्लास फोटोपुढे ठेवून मी म्हटलं, “बघा, चंपी नाही केली.” फेस बसेपर्यंत थांबले. मग तो ग्लास मीच प्यायले, आयुष्यात पहिल्यांदा. कडू होती. तशीच असायला हवी का, हे विचारायला कोणी नव्हतं.

मग गॅरेजात जाऊन चिलर धुतला. नुसता धुतला.