शेवटच्या घराची किल्ली

आयुष्यभर दुसऱ्यांची दारं उघडून देणाऱ्या एका माणसाची ही हकिकत आहे. मी ती सावकाश सांगणार. घाई असेल त्याने दुसरं काही वाचावं. विहीर खोल असली की पोहरा वर यायला वेळ लागतोच.

त्याला सगळे कुलूपकाका म्हणत. गल्लीच्या तोंडाशी कपाटाएवढी टपरी, तिच्यात तो, त्याच्या कानशी आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वारा सुटला की त्या किणकिणायच्या, जशा चरून परतणाऱ्या गुरांच्या गळ्यातल्या घंटा. माणूस बोलायला कंजूष, हाताने उदार. किल्ली हरवून दारात ताटकळलेल्या माणसाला तो कधी हसला नाही. त्याच्या वाटणीचं हसणं, बोलणं, भांडणं सगळं घरी काकू करायची. त्या दोघांचा संसार असा एकाच्या गप्पपणावर आणि एकीच्या तोंडावर छान चालला होता.

गल्लीच्या शेवटच्या घरात इस्त्रीवाली मावशी राहायची. तिचा मुलगा धडाक्या. अंगाने दांडगा, कामाच्या नावाने शून्य. दार लावेल तर आदळून, बोलेल तर शिवीपासून सुरुवात. गल्लीतले दिवे दगडाने फोडायचे, कुंड्या लाथाडायच्या, मोटारसायकल अशी पिटाळायची की बायामाणसांनी भिंतीला पाली होऊन चिकटावं. समजावून झालं. दमदाटी झाली. पोलीस येऊन ओरडून गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका सकाळी त्याच्या गाडीचा धक्का काकूला लागला. ती पडली, मनगट मोडलं. तो थांबलासुद्धा नाही.

त्या आठवड्यात गल्लीची सभा भरली. अध्यक्ष म्हणून ज्यांना सगळे मान देत ते निवृत्त हेडक्लार्क उभे राहिले आणि ठराव झाला, गल्लीच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवायचं. दिवस मावळला की ते आपसूक बंद होईल. घराघराला एकेक किल्ली. फक्त शेवटच्या घराला नाही. मावशीने घंटी वाजवावी, कोणीतरी उघडेल. धडाक्यासाठी कोणी उघडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी टपरीवर आली आणि कुलूपकाकाला म्हणाली, "भाऊ, तो बाहेर तर मीही बाहेर. लग्न होऊन आले ती या घरात. आता सोडते." तिने म्हणे बोचकी बांधायलाही घेतली होती, लोकांचे कपडे इस्त्री न करताच परत द्यायला सुरुवात केली होती. कुलूपकाकाने मान वर केली नाही. त्याच्या डोळ्यांपुढे काकूचा प्लास्टरमधला हात होता. एरवी गाईसारखा माणूस, पण त्या दिवसांत त्याच्या पोटात निखारा होता.

आता त्याच्या धंद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. किल्ली नेहमी मूळ किल्लीवरून कापायची. नकलेवरून नक्कल काढली की प्रत्येक वेळी केसभर फरक पडतो, आणि कुलपाला केससुद्धा कळतो. शिवाय कापलेली प्रत्येक किल्ली कुलपात फिरवून पाहायची. वडिलांनी शिकवलेली ही रीत त्याने कधी मोडली नव्हती. पण अध्यक्षांनी मूळ किल्ली आपल्या ताब्यात हवी म्हणून हट्ट धरला, फाटक उद्याच्या आत सुरू झालं पाहिजे म्हणून घाई लावली. कुलूपकाकाने एक नक्कल ठेवून घेतली आणि तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा रागारागात सगळ्या कापल्या. एकही फिरवून पाहिली नाही.

फाटक सुरू झालं त्याच दिवशी अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न होतं. गल्ली झाडून सगळी गेली. मावशीलाही आग्रहाने नेलं होतं. मागे राहिली काकू, मोडक्या हाताने गर्दीत कुठे जाणार म्हणून, आणि धडाक्या, त्याला बोलवलंच कोणी नव्हतं म्हणून.

दिवेलागणीला वरात परतावी तशी गल्ली परतली, तर फाटक बंद. अध्यक्षांनी ऐटीत किल्ली घातली. फिरेना. जोर लावला, आणि किल्ली कुलपात मोडून राहिली. मूळ किल्ली कपाटात सुरक्षित होती. कपाट घरात होतं, घर आत होतं. "म्हणजे चोरापासून आपण वाचलो म्हणायचं," कोणीतरी मागून बोललं.

कुलूपकाकाने पाहताक्षणी ओळखलं की चूक आपली. कुलपाचे स्क्रू आतल्या बाजूने होते, आणि धडाक्याने बाहेरून हात घालू नये म्हणून कुलपाभोवती जाड पत्रा ठोकलेला. आतून कोणीतरी ते काढायला हवे होते. काकू आवाज ऐकून आली, पण एका हाताने घट्ट बसलेले स्क्रू कसे फिरणार? ती वळली आणि शेवटच्या घराकडे बघून तिने हाक मारली.

धडाक्या आला. गजांपलीकडे नटूनथटून उभी असलेली सगळी गल्ली त्याने पाहिली. मला वाटतं, तो आता हसेल असं सगळ्यांना वाटलं असावं. तो हसला नाही.

"मी उघडलं तर तुम्ही सगळे आत याल," तो म्हणाला. "आणि उद्या मी बाहेर गेलो तर?"

अध्यक्ष घसा साफ करत ठरावाविषयी सांगू लागले, सभेने पूर्ण विचारांती वगैरे. काकूने त्यांना मध्येच तोडलं.

"हात माझा मोडलाय, अध्यक्षसाहेब. सभेचा नाही."

मग ती धडाक्याकडे वळली. तो खाली बघत पुटपुटला, "काकू, तुम्ही मला दिसलाच नव्हता."

"थांबला असतास तर दिसले असते."

एवढा दांडगा पोरगा, पण ओल्या कोंबडीसारखा उभा राहिला. काकूने तिचा निवाडा तिथेच दिला. हात बरा होईपर्यंत रोज सकाळी तिच्या घरची भांडी घासायची आणि पाणी भरायचं. फोडलेले दिवे स्वतः चढून बसवायचे. गाडी गल्लीत ढकलत आणायची. हे जमत असेल तर किल्ली मिळेल, एक दिवस चुकला तर ती स्वतः काढून घेईल.

"भांडी?" धडाक्या म्हणाला.

"कढईसुद्धा."

बाहेर कुणाला तरी हसू फुटलं. कुलूपकाकाने गजांतून स्क्रूड्रायव्हर आत दिला. इतक्या दिवसांचा निखारा कधी विझला ते त्याला कळलंच नाही. "डावीकडे फिरव, बाळा. जोर नको, दाब दे," तो सांगत राहिला आणि आतला हात ऐकत राहिला. शेवटचा स्क्रू निघाला, फाटक आवाज न करता उघडलं. मावशी सगळ्यांत मागे होती. तिला लोकांनी वाट करून पुढे आणलं. अध्यक्षांनीच, म्हणजे त्यांच्या बायकोने कोपराने ढोसल्यावर, सगळ्यांदेखत सांगितलं की ठराव बदलला समजा. मावशी तिथेच पायरीवर बसली.

घरी गेल्यावर कुलूपकाकाने बायकोला खरं सांगितलं, चूक त्याची होती, नक्कल चुकली होती. ती म्हणाली, "बरं झालं चुकलात. तुमच्या एरवीच्या शहाणपणाने ती बाई गल्लीतून गेली असती."

सकाळी धडाक्या आला. भांड्यांचा असा खणखणाट झाला की शेजारी दारात आले. आतून काकूचा आवाज येत होता, हळू घास रे, पितळ आहे, वैरी नाही. धडाक्या उलट बोलत होता, काकू त्याच्या वरताण बोलत होती. शेवटच्या घरात मावशीने बोचकी सोडली होती. परत दिलेले कपडे शेजारणी पुन्हा तिच्या दारात आणून ठेवत होत्या, आणि इस्त्री तापेपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहून तो खणखणाट ऐकत होती.