ब्रेकवरचा पाय

आखाडा बाळापूर ते कळमनुरी मी सहा वर्षं रत्नपालच्या काळ्यापिवळ्या जीपमधून शाळेला गेलो. गेलो म्हणजे बहुतेक वेळा लटकत गेलो. गाडी नऊ जणांची, बसायची वीस-बावीस माणसं. रत्नपालच्या डाव्या हाताला तिघं, उजव्या हाताला एक, तोही निम्मा दाराबाहेर. टपावर पोती आणि त्यांवर गडीमाणसं. मागच्या फळीवर उभे आम्ही मास्तर लोक. रोज उशिरा यायचो आणि वर तोराही आमचाच!

एवढं भरूनही त्या गाडीत कधी हिसका बसला नाही. समोर म्हैस दिसली की हा पठ्ठ्या शंभर पावलं अलीकडेच अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. "रत्नपाल, बैलगाडी पुढं गेली रे," असं मी त्याला चिडवायचो. तो हसायचा नाही. का ते मला ठाऊक होतं, तरी चिडवायचो. माझी जीभच तशी आहे.

सत्त्याण्णव साली गाडीपुढे अचानक करडू आलं होतं. रत्नपालनं कचकन ब्रेक दाबला. करडू वाचलं, पण टपावर बसलेला आमच्या गावचा ग्यानोबा बोनेटवरून थेट रस्त्यावर, चाकापुढे पडला. कमरेचं हाड मोडलं. रत्नपालनं त्याच जीपमधून त्याला नांदेडला नेलं, पंधरा दिवस दवाखान्यात उशाशी बसला. ग्यानोबा जगला, पण काठीशिवाय चालला नाही. त्या दिवसापासून रत्नपालनं ब्रेक जोरात दाबलाच नाही.

दोन हजार सात साली पुण्याकडच्या एका मोटारकंपनीची जाहिरात पेपरात आली. नव्या गाड्या रेसच्या ट्रॅकवर पळवून तपासायला ड्रायव्हर हवे होते. आधी आठ दिवस ट्रॅकवरच वेगात गाडी चालवण्याची शाळा, शेवटी परीक्षा. पास झाला त्याला कायमची नोकरी, नापास झाला त्याला परतीचं तिकीट. रत्नपालची बायको सरिता कात्रण घेऊन माझ्या घरी आली. "मास्तर, हे घरी येईस्तोवर माझ्या जिवात जीव नसते. तुमी फारम भरा."

मी भरला. आणि तो गेल्यावर माझीच झोप उडाली. कारण आमच्या स्टँडचा नियम असा, की आठ दिवस गाडी नंबरला, म्हणजे रांगेत, लागली नाही तर ती पाळी दुसऱ्याची. म्हणजे नापास होऊन आला तर इथलंही गेलं. हे मला फॉर्म टाकल्यावर सुचलं. शहाणपण नेहमी उशिरा येतं, माझ्यासारखंच.

सरिताकडे फोन नव्हता. रत्नपाल रोज संध्याकाळी माझ्या मोबाईलवर बोलायचा आणि ती माझ्या ओसरीवर पदर चावत बसायची. पहिले चार दिवस बरे गेले. "मास्तर, एकशेचाळीसनं पळवली. रस्त्यात ना ढोर ना मानूस. भेव वाटते, पन जमून राहिलं." वळणावर नजर कुठं ठेवायची, स्टेअरिंग किती धरायचं, सगळं त्यानं उचललं होतं.

पाचव्या दिवशी ब्रेक आला. शंभरच्या वेगात असताना लाल दिवा लागतो. लागला की सगळा जोर लावून ब्रेक दाबायचा आणि गाडी पिवळ्या रेघेच्या आत थांबवायची. रत्नपालची गाडी दर वेळी रेघेच्या पुढे गेली. शिकवणारा हिरासिंग नावाचा माजी फौजी होता. तो ओरडला, "पाँव में मेहंदी लगाई है क्या?" सहाव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी तेच.

"मास्तर, मन म्हनते दाब, पाय म्हनते टपावर मानूस हाय," तो सातव्या संध्याकाळी म्हणाला.

"अरे, टपावर कुत्रंसुद्धा नाही!" मी खेकसलो.

"मला म्हाईत हाय. पायाला न्हाई."

सरितानं माझ्याकडे पाहिलं. उद्या परीक्षा, आणि या गड्याच्या पोटापाण्याची वाट मी माझ्या हातानं लावली होती.

सकाळी उठलो तो सरळ ग्यानोबाच्या घरी गेलो. तो ओट्यावर दात घासत बसला होता. सगळं सांगितलं, तर म्हातारा माझ्यावरच उखडला. "दहा साल झाले, अन् हे आज सांगून राहिले तुमी? लावा फोन."

मी लावला. ग्यानोबानं चूळ भरली आणि मोबाईल उलटा धरून गाव ऐकेल एवढ्या मोठ्यानं बोलला, "रत्नपाल, म्या ग्यानोबा. म्या घरी ओट्यावर बसून हाव. टपावर न्हाई. आयकून राहिला न्हवं? दाब बिनघोर."

पलीकडून "व्हय, काका," एवढंच आलं आणि फोन कटला.

पुढचं मला रत्नपालनंच संध्याकाळी सांगितलं. लाल दिवा लागला, त्यानं डोळे उघडे ठेवून अंगातला सगळा जोर पायात घातला. टायर किंचाळले, पट्टा छातीत रुतला, रेघेच्या हातभर अलीकडे गाडी उभी. हिरासिंग टाळ्या पिटत धावत आला, तर गाडीत कोणी नाही. रत्नपाल बाहेर उडी मारून बोनेटपुढे गेला होता आणि तापल्या डांबरावर उपडा पडून चाकांखाली बघत होता.

"क्या ढूँढ रहा है? पास हो गया तू!"

"कोनी न्हाई," रत्नपाल म्हणाला. "साहेब, खाली कोनीच न्हाई." आणि तिथंच, चाकाला डोकं टेकून, लेकरासारखा रडला.