शेठच्या फोटोमागच्या ओळी

हसणार नसाल तर सांगते. जाऊ दे, हसणारच तुम्ही! फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा.

मी बदलापुरात घरबसल्या वेबसाइट बनवते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या लच्छूशेठनी त्यांच्या जीन्सच्या दुकानाची साइट मला दिली. अट एकच.

"बुवापाडावाले गजाभाऊ का खुद का दुकान है, अपना पुराना ग्राहक है. उनको दिखता नहीं. लेकिन ऑर्डर वो खुद डालेंगे, किसी को पूछे बिना!"

हे जमलं, तर गल्लीतल्या आणखी दोन दुकानांचं काम शेठ मला मिळवून देणार होते.

आता ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन साइट वाचून दाखवतो. पण फोटो कसा वाचणार? म्हणून प्रत्येक फोटोमागे एखादी ओळ लिहून ठेवायची. ती पडद्यावर दिसत नाही, फक्त फोन बोलून दाखवतो.

साठ फोटो होते हो! तिसाव्याला मला कंटाळा आला, आणि कंटाळा आला की माझ्या अंगात येतं. मॉडेल म्हणून शेठचा भाचा उभा होता, त्याच्यामागे लिहिलं, 'पँट उत्तम, मुलगा बेताचा.' फिक्या निळ्या जीन्समागे, 'शेठ याला आइस ब्लू म्हणतात. आमच्याकडे विटकी म्हणतात.' आणि खुद्द शेठच्या फोटोमागे, 'केस रंगवलेले, हसू भाव ठरल्यानंतरचं.'

नंतर बदलू म्हटलं. दिसतंय कुणाला?

बघा माझी अक्कल! ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच लिहायचं, आणि मी म्हणतेय दिसतंय कुणाला. बदलायचं अर्थातच विसरले.

उद्घाटनाला शेठनी सगळं खानदान गोळा केलं. नारळ फुटला, पेढे वाटले. गजाभाऊ शेअर रिक्षाने आले, गल्ल्यासमोर बसले आणि त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. मला आठवलं ते तेव्हा!

"भाऊ, नेट स्लो आहे. उद्या बघू या का?"

"छे हो ताई, मस्त चाललंय की!"

'पँट उत्तम, मुलगा बेताचा,' फोन म्हणाला. भाचा पेढा चावायचा थांबला. मग विटकी आली. मग शेठचा फोटो आला, आणि शेठचा हात आपोआप केसांकडे गेला. शेठाणी ओढणी तोंडाला लावून हसत होत्या.

"मॅडम, ये क्या लिखा है?"

मी मनात म्हटलं, गेली दोन्ही दुकानं!

"थांबा शेठ," गजाभाऊ म्हणाले. "बाकीच्या साइटवर हा फोन नुसता 'फोटो, फोटो' करतो. नायतर सगळंच 'सुंदर, आकर्षक'. मी काय समजायचं? ही पहिलीच साइट खरं बोलतेय बघा! ती विटकी नको. बाकीच्या एकेक डझन टाकतो."

आणि टाकली की ऑर्डर, स्वतःच्या बोटाने, कुणाला न विचारता! शेठनी मला स्वतःच्या हाताने पेढा दिला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात गजाभाऊंचं बोट आणखी खाली सरकलं. तिथे साइट बनवणारीचा, म्हणजे माझा फोटो होता.

'सडपातळ, देखणी, वय पंचवीस,' फोन म्हणाला.

मला एक्केचाळिसावं चालू आहे.

"शेठ," गजाभाऊंनी भाबडेपणाने विचारलं, "हे पण खरंच का?"

शेठनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"गजाभाऊ, ये तो सेल का रेट है. एमआरपी अलग है!"