पाठीमागचा समुद्र

"तुमी बघा शेट, मी सामान बघतो."

एस.टी. स्टँडवर, हॉटेलात, तमाशाच्या कनातीबाहेर, कुठेही गेलं की मामाचं हे वाक्य ठरलेलं. म्हणता म्हणता तो पिशवी दोन पायांत धरायचा आणि तिच्यावर तळहात ठेवायचा, लहान पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी स्टँडवर पाहिला असेल. पण तुमच्या माणसानं तुम्हाला गल्लीत बदनाम केलं नसेल.

मामा नात्यातला नव्हे, सगळी गल्लीच त्याला मामा म्हणायची; तो माझ्याकडे चादरींचे गठ्ठे बांधायचा. घरी तेलगू, बाजारात आमची सोलापुरी. मी खांद्यावर चादरी टाकून गावोगाव फिरत वर आलो; दुकान झालं तेव्हा बार्शी, नातेपुत्याच्या बाजाराला त्याला बरोबर न्यायला लागलो. गठ्ठ्याच्या बाबतीत त्याचा एक नियम होता. दोघं असलो की गठ्ठा मधे आणि तोंडं समोरासमोर. "माझ्या पाठीमागं काय चाललंय ते तुमी बघा, तुमच्या पाठीमागचं मी बघतो. चोर येणार कुठनं?"

मालाशिवाय मी जन्मात एस.टी.त बसलो नव्हतो. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा कोल्हापूरकडचं एक गिऱ्हाईक म्हणालं, दाजीपूरच्या जंगलात गवा दिसतो आणि तिथून घाट उतरला की समुद्र. मला खूळ लागलं. मामाला म्हणालो, "चल. माल नाही, नुसतं बघायला."

"सामान तर असंल की," मामा म्हणाला.

कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर. तीन गाड्या बदलल्या, तिन्हींच्या कंडक्टरांशी मी भांडलो. जंगलातल्या जीपवाल्याला तर भाडं उतरवता उतरवता रडकुंडीला आणलं. जीपमध्ये मागे समोरासमोर बाकं होती. मामा खूश. माझी दोन धोतरं आणि एक चादर असलेली पिशवी मधे घेऊन तो माझ्यासमोर बसला.

आणि गवा त्याच्या पाठीमागे आला.

झाडीतून डोंगरच सरकत आल्यासारखा. जीपवाला कुजबुजला, "हलू नका." मी डोळ्यांनी मामाला खुणावलं, मागे बघ. मामा हलला नाही. माझ्याकडे बघत राहिला. गवा गेला तेव्हा मी ओरडलो, "अरे, वळायचं होतंस की!"

"पिशवी कोण बघणार?"

"जंगलात चोर कुठला रे?"

"तुमाला असं वाटावं, हेच चोराला पायजे."

मालवणला समुद्रावर तेच. वाळूत पिशवी ठेवली, मी बसलो, हा पलीकडून, समुद्राकडे पाठ करून. सूर्य बुडताना त्याच्या डोक्याआड गेला.

"मामा, सरक. तुझ्या टाळक्यामुळं अर्धा समुद्र दिसेना."

"अर्धा बघा की. तेवढा बी लई हाय."

इतका खटाटोप करून याला नेलं आणि यानं काही पाहिलं नाही, म्हणून परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोललो नाही. पण खरा घाव पुढेच होता.

आठवडाभरात मामाच्या ओट्यावर गल्ली जमायला लागली. एकदा मी मागे उभा राहून ऐकलं. मामा सांगत होता, "गवा केवढा? बाजारात गर्दी अंगावर आली तरी शेटचा हात खिशावरनं निघत न्हाय. गवा आला आन् हात निघाला. तोंड उघडं ऱ्हायलं. एवढा मोठा गवा."

"आन् समुद्र?"

"तो त्याहून मोठा. शेटनं नारळवाल्याशी घासाघीस केली न्हाय. मागितलं तेवढं दिलं. मग रडले."

गल्ली हसली. दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला गवा मी सांगायला जावं, तर लोक म्हणत, "मामाकडनं ऐकलाय आमी."

मी त्याला गाठलं. "मी रडलो?"

"समोर बसलो हुतो की. खोटं कशाला बोलू?"

"वारा खारा होता. आणि मी रडेन कशासाठी?"

मामानं खरोखर विचार केला. "ते तुमालाच ठावं. माझी पाठ हुती तिकडं."

तो राग माझा अजून गेलेला नाही. कशाचा राग, हे मात्र नीट सांगता येत नाही. तो खोटं बोलला याचा, की खरं बोलला याचा?

पुढे एका उन्हाळ्यात मामा तापानं गेला. गठ्ठे आता दुसरा बांधतो. चांगले बांधतो, पण गठ्ठ्याला टेकून रस्त्याकडे बघत बसतो.

गेल्या हिवाळ्यात मी एकटाच मालवणला गेलो. वाळूत पिशवी ठेवली आणि सवयीनं अलीकडे बसलो. पलीकडे कोणी नव्हतं. सूर्य पुरता दिसला, समुद्र पुरता दिसला.

गालाला हात लावला तर ओला लागला. वारा खारा होता. विचारायला समोर कोणी नव्हतं.